सुट्या प्याल्यांचं रुखवत

...तर मस्तुरा भरबाजारात डोक्यावर कढई पालथी घालून उभी होती, इथवर आपण काल आलो होतो. मग आमच्या बायकोने, तुर्सुनोयने, जेवायला हाक मारली आणि गोष्ट तिथेच राहिली. म्हणजे बिचारी मस्तुरा कालपासून तशीच उभी आहे. चला, आधी तिची सुटका करू.

कढई बिडाची होती. दहा-बारा माणसांचा पुलाव सहज शिजेल एवढी. मस्तुराचं डोकं, मान, खांदे सगळं आत, आणि बाहेर फक्त फुलाफुलांचा झगा आणि रबरी जोडे. दोन्ही हातांनी कढईचे कान धरून ती सावकाश, पाऊल-पाऊल सरकत, उन्हाकडे तोंड करून गोल फिरत होती. आमच्या मर्गिलान शहराचा रविवारचा बाजार म्हणजे माणूस माणसाला घासून चालणार; पण तिच्याभोवती रिंगण पडलं होतं. टरबुजं विकणारा टरबुजं सोडून आला. एक म्हातारी म्हणाली, "कुणाची गं ही? घरी कळवा कुणीतरी."

सकाळी तिला बाजाराच्या तोंडाशी सोडून मी तुर्सुनोयला आणायला गेलो होतो; परत येऊन मी माझी मोटरसायकल तिथे थांबवली. तीच, जिच्या बगलेला माणूस बसेल एवढी टोपली जोडलेली आहे. ती बंद केली तरी थोडा वेळ खोकत राहते. तो खोकला ऐकून कढईतून आवाज आला, "एर्गशआका, तुम्ही का?"

"मीच. आत काय करतेस, मस्तुरा?"

"चांदण्या शोधतेय."

"दिवसाढवळ्या?"

"दिवसाच दिसतात. एक जरी दिसली, तर ही कढई घ्यायची नाही."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. बिडाला सुईच्या टोकाएवढं भोक असलं तर बाहेरून दिसत नाही. तेल मात्र पहिल्याच दिवशी चुलीत उतरतं. आत अंधार करून उन्हाकडे बघितलं की ते भोक चांदणीसारखं चमकतं. आता हे मला साठ वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं. मी दोन कढया घेतल्या, दोन्ही गळक्या निघाल्या, आणि दोन्ही वेळा तुर्सुनोयने दोष माझ्या डोळ्यांना दिला.

एकही चांदणी निघाली नाही. मस्तुराने कढई उतरवली. तोंडभर गंज लागलेला, नुसते डोळे लकाकतायत. ज्याच्याकडे ती कढई होती तो होशिम, जुनी भांडीकुंडी आणि मोडतोड गोळा करणारा. बाजाराच्या अगदी शेवटाला गोणपाट अंथरून बसतो. आतापर्यंत त्या कढईतून त्याच्या कोंबड्या पाणी पीत होत्या.

होशिम म्हणाला, "लोखंडाच्या भावाने, तोलून देतो आपा. तुमच्याशी काय घासाघीस करायची."

"तोलून?" मस्तुरा म्हणाली. "गंजाचाही भाव लोखंडाचाच का?"

"गंज काय, लोखंडाचाच झालेला असतो."

"असं? मग जरा विटेचा तुकडा दे इकडे."

आणि ही बाई तिथेच, त्याच्या गोणपाटाच्या कडेला फतकल मारून बसली आणि कढई घासायला लागली. मस्तुरा बालवाडीच्या स्वयंपाकघरात भांडी घासायची, वीस वर्षं. रोज दीडशे पोरांच्या वाट्या आणि थाळ्या. तिच्या हाताला विटेचा तुकडा म्हणजे वादकाच्या हाताला दुतार. खर्रर्र, खर्रर्र, तांबडी भुकटी उडायला लागली. होशिमच्या गिऱ्हाइकांच्या नाकातोंडात जायला लागली. एक गिऱ्हाईक गेलं, दुसरं गेलं.

"आपा, घरी नेऊन घासा की!"

"घरी नेऊन घासली तर गंज माझा. इथे घासते तोवर तुझा."

अर्ध्या तासाने होशिम हात जोडून म्हणाला, "न तोलता द्या काय द्यायचं ते. फक्त जा." आणि आम्ही ती कढई माझ्या टोपलीत, खाली गोधडीची घडी घालून, नवरी बसवावी तशी बसवून घरी आणली. रस्त्यात लोकांनी टाळ्या वाजवल्या. खोटं वाटत असेल तर तुर्सुनोयला विचारा. ती माझ्या मागे बसली होती आणि लाजेने तिने रुमाल नाकापर्यंत ओढला होता.

पण कढईच्या आधीची गोष्ट सांगायची राहिली. माझं असंच होतं. शेपूट आधी येतं आणि मेंढी मागून.

मस्तुरा आमच्या भिंतीला भिंत लागून राहते. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती. मुलगी एकच, रोबिया. त्या वर्षी कापूस वेचणी संपता संपता रोबियाला मागणी आली. मुलगा शोहरत, पलीकडच्या मोहल्ल्यातला, वेल्डिंगचं काम करणारा, शांत. त्याची आई तर इतकी शांत, की तिचा आवाज कसा आहे ते मला अजून माहीत नाही. कारण त्या घरात बोलण्याचं सगळं काम मुलाची आत्या करामतआपा करायची. लग्न झालेली, स्वतःचं घर त्याच गल्लीत, पण भावाच्या घरचा पुलावसुद्धा तिने मीठ बघितल्याशिवाय उतरत नसे. तिच्या मधल्या बोटात कायम शिवणकामाचं अंगुस्तान असायचं. शिवायची नाही फारसं. ते अंगुस्तान वेगळ्याच कामाचं होतं.

मागणीच्या दिवशी मस्तुराने चहा मांडला. पाहुण्या चार, घरात धड प्याले तीन. चौथ्याच्या काठाचा टवका उडालेला होता; तो तिने भिंतीच्या बाजूला वळवून ठेवला. करामतआपाने नेमका तोच उचलला. अंगुस्तानाने काठावर टिचकी मारली. धड प्याला टणकन बोलतो, चिरलेला नुसता ठसकतो. हा ठसकला. ती म्हणाली, "आमच्याकडे असल्यात कोंबड्यांना पाणी ठेवतात."

मग तिने सरळ सांगून टाकलं. "बघा मस्तुरा, मुलगी आम्हाला पसंत आहे. पण आमची थोरली सून आली ती चार प्याले घेऊन. लोक अजून हसतात आम्हाला. रुखवतात भांडी सहा-सहाची, पूर्ण हवीत. एका नक्षीची. आणि कढई बिडाची."

ती थोरली सून म्हणजे हनिफा, तिथेच दाराशी बसली होती. तिला त्या घरात दहा वर्षांत कुणी हनिफा म्हटलं नव्हतं. 'चार प्यालेवाली.' चार प्यालेवाली, लाकडं आण. चार प्यालेवालीला विचारा. तिची पोरंसुद्धा लहानपणी हेच आईचं नाव समजत होती.

पाहुण्या गेल्यावर रोबिया म्हणाली, "आई, म्हणू दे मला काय म्हणायचं ते. मी सोसेन."

"तू सोसशील गं," मस्तुरा म्हणाली. "मला नाही ऐकवणार."

तर हा असा पेच. पोरीच्या मागे आयुष्यभर एखादं नाव चिकटणार, की ती आपल्या नावाने नांदणार. आणि हाताशी काय? एक मेंढी. तीच विकायची. दुकानात काचेमागे गुलाबाच्या नक्षीची नवी भांडी होती, झकपक, खोक्यात भरलेली. सहा किटल्या, छत्तीस प्याले, सहा खोल वाडगे, पुलावाची सहा मोठी ताटं. दुकानदाराने किंमत सांगितली. मस्तुरा मला म्हणाली, "एर्गशआका, मेंढी एक आहे. हा माणूस तीन मेंढ्या मागतोय."

दोन दिवस ती हिशेब करत होती. तिसऱ्या दिवशी आमच्या मोहल्ल्यात एक लग्न होतं, आणि तिथे तिला सुचलं.

आमच्या लग्नांचं तुम्हाला ठाऊकच आहे. तीनशे माणसं जेवायची तर एका घरची भांडी कुठे पुरतात? गल्लीतल्या सगळ्या घरांतून भांडी येतात. आणि सगळ्या घरांत भांडी एकाच नक्षीची: निळ्या भुईवर पांढरं उमललेलं कापसाचं बोंड, कडेला सोनेरी रेघ. आमच्या आज्यांनी तीच घेतली, आयांनी तीच घेतली, आम्हीही तीच. मग कुणाचं कोणतं ते कळणार कसं? म्हणून प्रत्येक घराची भांड्याच्या बुडाला रंगाची खूण. आमची दोन पिवळे ठिपके. मस्तुराची हिरवी रेघ. जेवणं झाली की बाया भांडी पालथी घालून खुणा बघत बसतात आणि ज्याचं त्याला देतात. आडनाव एक वेळ विसरेल माणूस, खूण विसरत नाही.

तर मस्तुरा पालथ्या भांड्यांच्या त्या ढिगासमोर बसली होती, आणि एकाएकी तुर्सुनोयला म्हणाली, "आपा, चाळीस घरची भांडी. पण सुलट केली की एकाच घरची दिसतात, नाही?"

"मग?"

"मग सहाच्या सहा एका दुकानातून कशाला घ्यायची?"

आता नीट ऐका, कारण यातच तिची सगळी हुशारी आहे. आमच्याकडे भांडी सहात मोजतात. सहातलं एक फुटलं की पाच पाहुण्यांसमोर मांडता येत नाहीत. मग त्या पाचांत पोरं दूध पितात, आणखी दोन फुटतात, आणि शेवटी एखादं उरतं ते धड असून निकामी होतं. सुटं भांडं कुणी विकत घेत नाही; नुसतं सुटं म्हटलं की नाक मुरडतात. अशी सगळी सुटी भांडी बाजाराच्या शेवटाला, होशिमसारख्यांच्या गोणपाटांवर येऊन पडतात. आणि ती सगळी कापसाच्या बोंडाची!

तिने मेंढी विकली, आणि त्या रविवारपासून वसंतापर्यंत एकही रविवार सोडला नाही. मी सारथी. थंडी अशी, की माझ्या मिशीवर दहिवर जमायचं. मस्तुरा टोपलीत बसायची, मांडीवर रुमालात बांधलेला घरचा एक धड प्याला. तो नमुना. निळा रंग जुळतो का, बोंडाच्या पाकळ्या जुळतात का, ते त्याच्याशी लावून बघायची. मग टिचकी. तिला अंगुस्तान लागत नसे. नखाने मारायची आणि डोळे मिटून ऐकायची. मग ओल्या बोटाने आतून एक फेरा. दीडशे वाट्या रोज साबणात घासलेलं ते बोट. डोळ्यांना न दिसणारी चीर त्या बोटाला लागायची. दहा प्याले बघून एक घ्यायची. कधी तो एकही नाही.

"एक प्याला घेऊन काय करणार आपा?" होशिम पहिल्यांदा म्हणाला. "जोडी तरी घ्या."

"तू दुसरी बायको आणलीस तर तुझ्या बायकोला चालेल का? नाही ना? मग मलाही एकच दे."

होशिमची बायको मागेच बसली होती. तिने तो प्याला स्वतः कागदात गुंडाळून दिला, आणि वर मूठभर बेदाणे.

सगळ्यात गंमत किटल्यांची. किटलीचं झाकण आधी फुटतं, नाहीतर किटली फुटून झाकण उरतं. बिनझाकणाची किटली मातीमोल, पण तुमच्या हातात झाकण दिसलं की विकणाऱ्याला लगेच अक्कल येते आणि किटली महाग होते. म्हणून मस्तुरा झाकणं आधी जमवायची, कुणी फुकट द्यायचे, कुणी चिमूटभर चहाच्या बदल्यात. ती झाकणं बाहीत. विकणारा मान वळवून दुसऱ्याशी बोलायला लागला की बाहीतून झाकण यायचं, किटलीवर बसायचं, एकदा गोल फिरायचं, आणि परत बाहीत. बसलं तर चेहरा पाडून म्हणायची, "बिनझाकणाची किटली कोण घेणार? बरं, फुलं ठेवायला होईल." एका माणसाने तिला तशी किटली दिली, आणि दहा पावलांवर तिने बाहीतून झाकण काढून घातलं ते त्याने बघितलं. तो ओरडला, "अहो आपा! जादूगार आहात का चोर?"

"भांडी घासणारी आहे!" ती म्हणाली. आणि मला, "आका, मारा लाथ." माझी मोटरसायकल कधी नव्हे ती पहिल्या लाथेला चालू झाली.

कढई याच मोसमात आली, ती आपण बघितलीच. ती तिने तीन दिवस मिठात भाजली, मग मेंढीच्या शेपटीच्या चरबीत. धूर आमच्या अंगणात. पण चौथ्या दिवशी कढई अशी काळीभोर तुकतुकीत झाली, की रोबिया तिच्यात बघून भांग पाडायची. निदान पाडल्याचं नाटक तरी करायची. तिलाही आता मजा यायला लागली होती.

शेवटी फक्त एक ताट उरलं. पुलावाची ताटं सगळ्यात कठीण, कारण मोठं भांडं सुटं उरतंच नाही, आपटून फुटतं. पाच मिळाली होती, सहावं काही मिळेना. लग्नाला तीन आठवडे राहिले. होशिमच्या गोणपाटावर एक दिसलं. मस्तुराने टिचकी मारली. असा स्वच्छ आवाज, की शेजारच्या गोणपाटावरचा माणूससुद्धा वळून बघायला लागला. तिने ते पालथं केलं. बुडाला तांबड्या रंगाच्या तीन रेघा होत्या, कोंबडीच्या पंजासारख्या. आणि मस्तुरा हसली. होशिमला तिने बाजूला नेऊन काहीतरी विचारलं. मी मोटरसायकलवर, कानाशी तो खोकला. ऐकू काही आलं नाही. एवढंच दिसलं की होशिमने दोन्ही हात पसरून, एखाद्या लठ्ठ माणसाला मिठी मारावी तसा काहीतरी गोल आकार दाखवला, आणि कपाळावर हात मारला. मस्तुरा पोटभर हसत आली. मी विचारलं तर म्हणाली, "सहावं मिळालं, आका. आणि कसं मिळालं!"

मला वाटलं, स्वस्त पडलं असेल.

घरी सगळी भांडी मांडली तेव्हा तुर्सुनोयला काळजी लागली. प्रत्येकाच्या बुडाला कुणाची ना कुणाची खूण. निळी फुली, काळं वर्तुळ, गुलाबी नखरंगाचा ठिपका. ती म्हणाली, "मस्तुरा, रॉकेल आणते. खुणा पुसून टाकू. त्या करामतने पालथं घालून बघितलं तर काय म्हणेल? लग्नघरची भांडी परत केली नाहीत, ढापली, असं म्हणेल."

"खूण चोर पुसतो, आपा. मी विकत आणलीत. राहू दे."

"अगं पण..."

"राहू दे."

तुर्सुनोय माझ्याकडे वळली. "तुम्ही तरी सांगा हिला!" मी सांगितलं. मला मस्तुराने एक प्याला चहा दिला, काठोकाठ भरून. आमच्याकडे मानाच्या पाहुण्याला अर्धा प्याला देतात. काठोकाठ भरला म्हणजे उठा आता. मी उठलो.

मग तो दिवस उजाडला. नवऱ्याकडच्या बाया रुखवत बघायला आणि न्यायला आल्या. बायांचं काम; आम्ही पुरुष बाहेर द्राक्षाच्या मांडवाखाली. पण खिडकी उघडी होती आणि मी खिडकीच्या जवळची जागा सकाळीच धरून ठेवली होती. आत गाद्या, गोधड्या, शिवलेले झगे झाले. मग भांडी. पांढऱ्या चादरीवर निळ्या रांगा. सहा किटल्या, सगळ्यांना झाकणं. छत्तीस प्याले. वाडगे. ताटांची उतरंड. शेजारी काळी कढई. बाया "वा, वा" म्हणायला लागल्या. नवऱ्याच्या आईने म्हणे कौतुकाने हातसुद्धा उचलला गालाकडे. करामतआपा पुढे सरसावली. अंगुस्तान निघालं.

टण. टण. टण. मी बाहेर मोजत होतो. प्रत्येक टिचकीला प्याला बोलतोय. छत्तीसच्या छत्तीस. किटल्या सहा. माझ्या शेजारी बसलेला न्हावी म्हणाला, "एर्गशआका, आत काय घड्याळ दुरुस्त करतायत?"

करामतआपाला खोट सापडेना. एखाद्या माणसाला खोट सापडली नाही की तो कसा अस्वस्थ होतो! तिने एक प्याला उचलून उलटा केला. गुलाबी ठिपका. दुसरा. निळी फुली. तिसरा. काळं वर्तुळ. तिचा आवाज चढला तो सगळ्या अंगणाला ऐकू गेला. "हे काय? हे काय आहे, मस्तुरा? हे तर चाळीस लग्नांतून उचललेलं दिसतंय! दर खेपेला एक-एक झग्याखाली घालून आणलंस वाटतं?"

तुर्सुनोयचा आवाज आला, "तोंड सांभाळून, करामत!" आणि मस्तुराचा आवाज, अगदी शांत, बालवाडीत पोरांशी बोलताना असतो तसा. "सगळं बघा, आपा. घाई नाही. अजून ताटं पालथी घालायची राहिलीत."

"ए चार प्यालेवाली, घाल गं पालथी," करामतआपा म्हणाली. "सगळ्यांना दिसू दे."

हनिफाने एकेक ताट उचलून दोन्ही हातांनी बायांकडे बूड करून दाखवायला सुरुवात केली. एक. दोन. तीन. चार. पाच. सहाव्याला ती थांबली. मी खिडकीतून मान घातली. मला लाज वाटायला हवी होती, वाटली नाही. हनिफाच्या हातात ते ताट, बुडाला तीन तांबड्या रेघा, आणि तिचे डोळे एवढे मोठे. दहा वर्षांत पहिल्यांदा त्या बाईने आत्यासासूपुढे मोठ्याने तोंड उघडलं.

"आपा," ती म्हणाली, "हा तर आपला पंजा आहे. तुमच्या घरची खूण."

त्यांच्या गल्लीतून आलेल्या सगळ्या बाया ती खूण ओळखत होत्या. कोंबडीचा पंजा! कितीतरी लग्नांत त्यांनी तो पंजा वेगळा काढून करामतआपाच्या घरी पोचवला होता. एक जण फिसकन हसली. मग दुसरी. करामतआपाने ताट हिसकावून घेतलं, खाली बघितलं, वर बघितलं, परत खाली बघितलं. अंगुस्तान बोटातून गळून प्याल्यात पडलं आणि तो प्यालाही टणकन बोलला.

"हे ताट माझं आहे," ती म्हणाली. "हे माझं ताट तुझ्याकडे आलं कसं?"

आता पुढचं आधी सांगतो, मग उत्तर सांगतो. कारण उत्तर सांगितल्यावर मला हसू आवरत नाही आणि पुढचं सांगताच येत नाही. रोबिया त्या घरात रोबिया म्हणूनच नांदली. तिला पहिली हाक कुणी मारली माहीत आहे? हनिफाने. आणि तेव्हापासून हनिफालाही सगळे हनिफा म्हणायला लागले, कारण चार प्यालेवाली म्हटलं की कुणी ना कुणी टबाची आठवण काढायचं. कोणत्या टबाची ते कळेलच. ती कढई अजून त्यांच्या चुलीवर आहे. त्या सहा ताटांतलं एकही फुटलं नाही, आणि पाहुणे आले की करामतआपा स्वतः पंजाच्या खुणेचं ताट निवडून पुलाव वाढते. मी त्यात जेवलोय. मस्तुराने पुढच्याच वर्षी दुसरी मेंढी घेतली. होशिम सगळ्यांना सांगतो की मर्गिलानमधलं सगळ्यात देखणं रुखवत त्याच्या गोणपाटावरून गेलं, आणि त्याचं ते खरं आहे.

तर करामतआपाने विचारलं, हे माझं ताट तुझ्याकडे आलं कसं. बाहेर न्हाव्याने तोंडाशी नेलेलं नान तसंच धरलेलं. मस्तुरा उठली, करामतआपाच्या हातातून ताट हळूच काढून घेतलं, बाकीच्या पाचांवर ठेवलं आणि म्हणाली:

"तुमचंच आहे, आपा. तुमच्या घरी ते एकटं उरलं म्हणून तुम्ही होशिमला प्लास्टिकच्या टबाच्या बदल्यात देऊन टाकलंत, आणि टबही दोनदा बदलून घेतलात. माझ्या घरी ते सहांत बसलं. आता माझ्या रोबियाबरोबर परत तुमच्याकडेच निघालंय; या खेपेला मात्र दोघांनाही एकटं पाडू नका."